निरंक

दत्तूदादा गेला त्याला माझं अर्धवट मराठी कारणीभूत आहे.

पाच वर्षं झाली आज. इतकी वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहितेय, मग मला काय बोलायचं ते बोला.

दत्तूदादा राई गावातला रिक्षावाला. मी शेजारच्या मोरव्याची. लॉकडाउनमध्ये मला रोज ऑफिसला सोडायचा तो हाच.

मी महापालिकेत कॉन्ट्रॅक्टवर डेटा एन्ट्रीला होते. हॉस्पिटलं सकाळी कागद पाठवायची, किती बेड रिकामे आहेत. मी ते शीटमध्ये भरायचे. थोड्या वेळात ते सरकारी साइटवर दिसायचं, कुणालाही, फुकट.

दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने रिक्षा बाजूला घेतली.

"म्हंजे बेडसाठी वशिला न्हाय लागायचा?"

"नाही दादा. ओपन डेटा म्हणतात त्याला. नगरसेवकाला दिसतो तोच आकडा तुला पण दिसणार."

झालं. त्या दिवसापासून हा माणूस मोबाइलवर ते पान उघडूनच पेशंट न्यायला लागला. बाकीचे रिक्षावाले पेशंट बघून पळायचे, आणि हा मधे प्लास्टिक लावून निघायचा.

त्या पानामुळे माणसं वाचली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. डेटाला नावं ठेवणारी मी नाही.

दुसऱ्या लाटेत एका सकाळी एका हॉस्पिटलच्या कागदावर ऑक्सिजन बेडच्या रकान्यात आकडाच नव्हता.

एक शब्द होता. निरंक.

मी इंग्लिश मिडियमची. मराठी बोलते फाडफाड, भांडायचं असेल तर विचारूच नका. पण हा शब्द मी कधी वाचला नव्हता. निर् अंक. म्हणजे अंक नाही. म्हणजे आकडा अजून आलेला नाही, नंतर कळवतील. असा दीडशहाणा अर्थ मी लावला आणि कालचा आकडा तसाच ठेवला.

कालचा आकडा चार होता.

शेजारच्या टेबलावर सावंतबाबू बसले होते, अख्खा जन्म सरकारी कागदांत गेलेला माणूस. एक शब्द विचारला असता तर सांगितलं असतं. मी विचारलं नाही. हिला एवढं पण येत नाही म्हणतील, याची लाज वाटली.

दुपारी त्या हॉस्पिटलचा फोन आला. भडकलेले होते. सावंतबाबूंनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"अगं मनीषा, निरंक म्हणजे शून्य."

मी चारचं शून्य केलं. दोन सेकंदांचं काम.

दादा तेव्हा दोन दिवस तापाने घरी होता. मला फोनवर "बरा हाय" म्हणत होता. त्या सकाळी त्याचा ऑक्सिजन उतरला. त्याने पान बघितलं आणि मित्राच्या रिक्षातून त्याच हॉस्पिटलला गेला. गेटवर सांगितलं, एकही बेड नाही. दुसरीकडे नेताना वाटेतच गेला. वहिनी बाजूला बसली होती.

मला संध्याकाळी कळलं.

साइटवरचा आकडा मी बदलला, पण त्या सकाळी सेव्ह झालेली फाइल कुणी बदलली नाही. ती अजून डाउनलोड होते. कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी घेतात, त्यावरून ग्राफ काढतात. मी पण दरवर्षी या दिवशी उघडते.

त्या फाइलमध्ये तिथे अजून चार बेड रिकामे आहेत.

मी बघत बसते. वाटतं, दादा अजून त्या गेटवर उभा आहे आणि त्याला आत कुणी घेत नाहीये.

आज राईला गेले. वहिनी अंगणात सुकट निवडत होती. सगळं सांगितलं, पहिल्यापासून. वाटलं होतं, हाकलून देईल. दिलं असतं तर बरं झालं असतं.

ती निवडत राहिली. मग सूप बाजूला सारून म्हणाली,

"मी त्याला बोललेली, निघायच्या आधी हास्पिटलात एक फोन लाव. तर म्हणतो, फोन कशाला? आकडा आपल्या मनीषानं भरलेला हाय."

मग तिने मला चहा दिला. मी प्यायले.

दादा, तुझ्यापुढे हात जोडते. माफी मागायचं तोंड मला नाही.

तुझी मनीषा