पुसू का, कच्च्या बाई?

स्टुडिओत दोन बायकांचा आवाज चालायचा. एक मोठ्या बाई, दुसऱ्या कच्च्या बाई. मोठ्या बाईंची ओळख करून द्यायला नको. ज्या घरात रेडिओ आहे तिथे त्या आहेतच, आणि ज्या घरात नाही तिथे शेजारच्या भिंतीतून येतात. दुसऱ्या बाईंना मात्र त्यांच्या गल्लीतला इस्त्रीवालाही 'रेडिओवाल्याची बायको' म्हणूनच ओळखत होता.

सिनेमाचं गाणं आधी कच्चं गाऊन घ्यायची पद्धत होती. मोठ्या बाईंना दिवसाला तीन-तीन स्टुडिओ गाठायचे असत. वादकांचं जुळेपर्यंत त्यांना ताटकळत ठेवायची कोणाची छाती? मग कोणीतरी कमी मानधनातलं उभं राहायचं आणि शब्द, सूर, थांबे सगळं जागच्या जागी लावून द्यायचं. त्या कच्च्या गाण्यावर नटी ओठ हलवायची, चित्रीकरण उरकायचं. पुढे सवड मिळेल तेव्हा मोठ्या बाई येत, हेडफोन लावून कच्चं गाणं दोनदा ऐकत आणि पक्कं गाऊन चहासुद्धा न घेता निघून जात. टेपवर जागा मोजकीच असे. टेपच्या ज्या पट्टीवर कच्चा आवाज असेल त्याच पट्टीवर पक्का चढायचा, आणि खालचा जायचा.

तो घालवण्याआधी काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट मान वर करून विचारायचा, "पुसू का, कच्च्या बाई?"

"पुसा."

खरं तर त्याला विचारायची काही गरज नव्हती. पण भला माणूस होता. आणि बाईही अशा सहज 'पुसा' म्हणायच्या, की जणू टेबलावर चहा सांडला होता. दाराशी पोचलेल्या मोठ्या बाई मागे वळून म्हणायच्या, "छान गातेस हो. नवीन आहेस का?" हे त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा विचारलं की कच्च्या बाईंनी 'नाही' म्हणायचंही सोडून दिलं. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांना रोज इतकी गाणी लक्षात ठेवावी लागत की त्यांत माणसांना जागा उरत नसे.

कच्च्या बाईंच्या नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. लग्नाआधी तो त्यांच्या माहेरचा बिघडलेला रेडिओ बघायला आला होता. तेव्हा कच्च्या बाई कच्च्या नव्हत्या, बाईही नव्हत्या. आतल्या खोलीत भांडी घासता घासता गाणारी कोणाची तरी मुलगी होत्या. रेडिओ उघडून बसलेल्या त्या तरुणाने चमकून हातातल्या सुट्या भागांकडे बघितलं आणि त्यांच्या आईला विचारलं, "मावशी, घरात दुसरा रेडिओ आहे का?" पुढे तो रेडिओ काही केल्या दुरुस्त होईना. चार-पाच खेपा झाल्या तेव्हा आईच म्हणाली, "बाबा रे, तुला काय हवंय ते सरळ सांग आणि आमचा रेडिओ तेवढा नीट कर."

त्यांचा तो आवाज खालच्या पट्टीतला होता, नव्या सुती कापडासारखा जरासा खरखरीत. नवऱ्याचा जीव त्याच आवाजावर जडला होता. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली तांब्याची तार वळून, तिला डाग देऊन, त्याने बायकोसाठी एक कडं केलं. बायको स्टुडिओत जायला लागली तेव्हा तर त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो म्हणाला, "तुझं गाणं लागेल ना, त्या दिवशी दुकानातले सगळे रेडिओ लावीन. तुझा आवाज मी हजारांत ओळखीन."

बायको म्हणाली, "सगळे नको. गिऱ्हाईकांचे आहेत ते."

स्टुडिओत पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी, म्हणजे संगीतकारांनी, त्यांना थांबवलं होतं. "बाई, सूर छान आहे. पण हे तुमचं झालं. मला त्यांचं पाहिजे. त्या कशा गातील तसं गा, म्हणजे आल्या आल्या उचलतील." मग त्यांनी मोठ्या बाईंसारखं गायला घेतलं. पट्टी वर नेली, खरखर काढून टाकली, ओळीच्या शेवटी तो लाडिक सुस्कारा आणला. मास्तर खूश झाले. बाईंनाही त्याचं कौतुकच वाटलं. आपल्याला दोन गळे आहेत, असं त्यांना वाटलं. गळा एकच असतो, आणि एक आवाज काढत राहिलं की दुसरा निमूटपणे निघून जातो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

त्यांचं त्यांनाच ते कळलं, पण फार उशिरा. लेक लहान होती, आजारी होती, आणि बाई तिला थोपटत गुणगुणत होत्या. लेकीने डोळे मिटूनच सांगितलं, "आई, रेडिओ बंद कर. आईनं म्हटलेलं पाहिजे." बाई मग खालच्या पट्टीत म्हणायला गेल्या, तर तिथे काहीच नव्हतं, नुसता वारा. ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला सांगितली नाही. तो बिचारा हजारांतला एक आवाज ओळखायची वाट बघत बसला होता.

वाट बघण्यात लेकीचं लग्न झालं, मोठ्या बाईंचे केस पिकले, आणि नवऱ्याचे कान जायला लागले. आधी चहाच्या किटलीची शिट्टी गेली. मग एक गिऱ्हाईक सेटमध्ये बारीक किरकिर येते म्हणून तीनदा परत आलं, आणि तिन्ही वेळा यांनी ठणकावून सांगितलं की किरकिर तुमच्या डोक्यात आहे. रेडिओवाल्याला ऐकू येत नाही हे गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टर म्हणाले, आधी बारीक आणि उंच आवाज जातात, मग बाकीचे, आणि गेलेला परत येत नाही. कानातलं यंत्र आणलं, तर ते शिट्ट्याच मारत राहायचं. नवऱ्याने ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि डावा कान पुढे करून बोलायला लागला, कारण डाव्यात अजून काहीतरी शिल्लक होतं.

तेव्हापासून कच्च्या बाईंना घोर लागला. आजवर त्यांनी मनाची समजूत घातली होती, की नाही नशिबात तर नाही. पण आता मुदत पडली होती. डावा कान आहे तोवर एक गाणं, फक्त एकच, त्यांच्या आवाजात लागायला हवं होतं. गर्दीने ऐकावं असं काही नव्हतं. त्या एका माणसाने ऐकावं, एवढंच. स्वभावाविरुद्ध जाऊन त्या मास्तरांशी बोलल्याही. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही गाता उत्तम. पण त्या असताना तुम्ही कशाला, असं निर्माता विचारणार. मी काय सांगू त्याला?" बाईंनीच स्वतःला तसं घडवून घेतलं होतं.

एके दिवशी सकाळी धुणं पिळत असताना निरोप आला, ताबडतोब या. बाई होत्या तशा निघाल्या. एरवी गायला उभं राहण्याआधी त्या हातातलं तांब्याचं कडं काढून पिशवीत टाकत, त्या दिवशी विसरल्या. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी हात जरा उचलला गेला आणि कडं लोखंडी स्टँडला लागलं. टिक.

"काहीतरी वाजलं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "परत घेऊ या का?"

मास्तरांनी घड्याळ बघितलं. "राहू दे हो. कच्चंच तर आहे."

त्या गाण्यावर चित्रीकरणही झालं. आणि मग बातमी आली की मोठ्या बाईंच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, बोलायचीसुद्धा बंदी आहे. सिनेमाची तारीख तर ठरलेली. मास्तरांनी कच्च्या बाईंना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "तुमचंच ठेवतोय."

"खरंच ठेवणार?"

"दुसरं कोण आहे आता?"

रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून हात हलवून खूण केली, आज पुसत नाही. बाई तशाच उभ्या राहिल्या. आनंद झाल्यावर काय करायचं असतं तेच त्यांना आठवेना. मग त्या बसने घरी आल्या आणि दुकानात शिरून नवऱ्याच्या डाव्या कानाशी वाकल्या.

"माझं ठेवणार आहेत."

"काय ठेवणार आहेत?"

"गाणं. माझं गाणं."

"कुठे ठेवणार आहेत?"

"अहो, सिनेमात."

तो हातातला पेचकस ठेवून स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरचा मोठा लाकडी सेट खाली काढला, जो एक गिऱ्हाईक कित्येक वर्षांपूर्वी टाकून गेलं होतं. त्याची एकेक जोडणी नव्याने केली, त्याला दुसरा मोठा कर्णा, म्हणजे स्पीकर, लावला. येईल-जाईल त्याला सांगत सुटला. इस्त्रीवाला म्हणाला, "काय सांगता? काकू गातात?" नवरा म्हणाला, "तू ऐकच आता." त्याला इतकं बोलताना बाईंनी कधी बघितलं नव्हतं. एवढ्या आशेची सवय त्या घराला नव्हती.

आज दुपारी फर्माइशी गाण्यांत लागणार, असा रेकॉर्डिस्टचा फोन आला. जेवणं बाजूला राहिली. नवऱ्याने सेटचा आवाज पूर्ण चढवला आणि डावा कान कर्ण्याच्या कापडाला लावून बसला. दारात इस्त्रीवाला उभा होता. निवेदिका म्हणाली, आता ऐकू या नव्या सिनेमातलं गाणं, आणि गायिका म्हणून तिने मोठ्या बाईंचं नाव घेतलं. अगदी सहज, दिवसातून दहादा घेतात तसं.

म्हणजे मोठ्या बाई बऱ्या झाल्या वाटतं. येऊन गाऊन गेल्या असतील. कच्च्या बाईंनी भिंतीला पाठ टेकली. गाणं सुरू झालं, वरची पट्टी, गुळगुळीत आवाज, ओळीच्या शेवटी सुस्कारा. मोठ्या बाईच. पहिलं कडवं संपलं, दुसरं आलं, आणि त्याच्या शेवटी एक बारीक आवाज झाला. टिक.

त्या ताठ झाल्या. गाणारी बाई त्या स्वतःच होत्या, आणि आत्तापर्यंत त्यांनाही ते कळलं नव्हतं. मग बाकीचं कळायला वेळ लागला नाही. भिंतीवर लावायची पोस्टरं मोठ्या बाईंच्या नावाने आधीच छापलेली असणार, नाव विकलेलं असणार, आणि मास्तरांना कोणीतरी म्हणालं असणार की कोणाला काय कळतंय. आणि खरंच कोणाला काही कळलं नव्हतं.

गाणं संपलं. नवऱ्याने कान काढला आणि आवाज हळूहळू उतरवला.

"शेवटी त्यांनीच गायलं," तो म्हणाला.

बाई त्याच्या डाव्या कानाशी वाकल्या. हातातलं कडं त्याच्यासमोर धरलं. "टिक झालेलं ऐकलंत का? दुसऱ्या कडव्याच्या शेवटी?"

"टिक?" त्याने सेटकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "सेटमध्ये टिकटिक यायलाच नको. कालच सगळी जोडणी तपासली मी."

"नाही, सेटमध्ये नाही."

"मग?"

कानात ओरडून सगळं सांगता आलं असतं. ती मीच होते, हे तुम्ही दिलेलं कडं वाजलं, असं. पण मग त्याला हेही कळलं असतं, की हजारांत ओळखायचा तो आवाज कानाला लागून तीन मिनिटं गात होता आणि त्याने तो ओळखला नाही. ते त्याच्या डोक्यावर कशाला घालायचं? एवढ्या वर्षांत त्या माणसाने दुसरं काही मागितलं नव्हतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "मला भास झाला."

"वाईट वाटून घेऊ नकोस," नवरा म्हणाला. "त्यांनी गायलं बरं, पण तू गायली असतीस तर आणखी चांगलं झालं असतं. मी तर पहिल्याच ओळीला ओळखलं असतं."

"हो ना," बाई म्हणाल्या आणि ताटं वाढायला आत गेल्या.

गाणं भलतंच गाजलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ तेच. इस्त्रीवालाही इस्त्री फिरवत तेच गुणगुणायचा आणि सुस्कारा तेवढा बरोबर घ्यायचा. मोठ्या बाईंचा घसा बरा झाला, त्या पुन्हा गायला लागल्या, आणि कच्च्या बाई पुन्हा कच्चं गायला जाऊ लागल्या. आता मात्र कडं त्या घरीच ठेवून जात.

नवऱ्याचा डावा कानही मंदावत चालला होता. पण ते गाणं त्याला अजून कळायचं, सुरुवातीच्या ढोलकीवरून. दुकानात कुठल्याही सेटवर ते सुरू झालं, की तो हातातलं काम टाकून उठायचा, बटणावर हात ठेवायचा आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचा. बायकोला त्रास नको म्हणून.

"बंद करू का?"

"करा," बाई म्हणायच्या.