शिळा पेपर

“फाडा ते कार्ड,” परबदादा म्हणाले.

परबदादा लालबागच्या आमच्या वाचनालयाचे सेक्रेटरी आणि चळवळीतले पुढारी, मी लायब्रेरियन. समोर कुंदा उभी होती. मॅट्रिकला बसणारी, गिरणी कामगाराची मुलगी. तिने कादंबरीत पेन्सिलीने लिहिलं होतं. परत आलेल्या पुस्तकातले असे शेरे खोडरबराने पुसणं हे माझं रोजचं काम. बहुतेक ‘फार छान’ नाहीतर ‘रटाळ’ एवढेच असतात. हा लांबलचक होता.

कादंबरी एका नावाड्याची. गावाने बंदी घातलेल्या दिवशी तो नाव पाण्यात घालतो, म्हणून गाव त्याला वाळीत टाकतं. कुंदाने समासात लिहिलं होतं : ‘का गेलास, हे याला एकानेही विचारलं नाही. सखारामकाकांनाही नाही.’

सखाराम तिच्याच चाळीतला. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाला तो कामावर गेला होता. आमच्याकडे पेपरची पानं सुटी करतात, वाचून झालं की शेजाऱ्याला देतात. त्याला कोणी पान देईना. तो माझ्या टेबलाशी आला, तेव्हा मी त्याला आठवड्यापूर्वीचा पेपर दिला. मुद्दाम. बाकावरचे हसले. मीही हसलो. त्याने तो खाली मान घालून शेवटपर्यंत वाचला.

“पुस्तक काय घरचं आहे तुझ्या?” दादा म्हणाले.

“पुसून देते, दादा. पण कार्ड ठेवा. दुसरीकडून कुठून आणू पुस्तकं?”

“आणि त्या सखारामाचा एवढा कळवळा?”

“मी विचारलं त्यांना. का गेलात म्हणून.”

“मग?”

“ते बदलीवर आहेत. कायमचा माणूस आला नाही, तरच काम. एक खाडा केला की नाव कापतात. काकू इस्पितळात आहेत. हरताळाच्या आदल्या दिवशी ते तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही सभेत होतात.”

दादा म्हणाले, “तुझा बाप माझ्याबरोबर मोर्चात चालतो गं.”

“मीपण येते की! म्हणून विचारायचं नाही?”

मला राहवेना. “दादा, शिळा पेपर मी दिला होता त्याला. फाडायचं तर आधी माझं कार्ड फाडा.”

“तुम्हाला कार्ड कुठंय? तुम्ही लायब्रेरियन!” दादा चिडून म्हणाले. पण कुंदाचं कार्ड त्यांनीच माझ्या हातातून घेऊन ट्रेमध्ये परत ठेवलं. “शेरा मात्र पुसा. नियम आहे.”

दुसऱ्या दिवशी सखाराम आला. मी उठून पेपरचं पहिलं पान त्याच्या हातात दिलं. त्याने आधी तारीख पाहिली. तो टोला मला बसायलाच हवा होता. वाचून झाल्यावर त्याने ते पान शेजाऱ्यापुढे धरलं. शेजाऱ्याने जरा वेळ लावला, पण घेतलं.

कादंबऱ्यांनी माणूस सुधारतो का, असं लोक विचारतात. ती नावाड्याची कादंबरी मी रजिस्टरात चढवली, तिला क्रमांक घातला, कव्हर घातलं. मला काही झालं नाही. कुंदाने ती वाचली होती.

आता शेरा आधी वाचतो, मग पुसतो.