उशिरा आलेल्या खेपा

हारुनला नाही म्हणता यायचं नाही. म्हणजे घरात यायचं. बायकोला, सुमैय्याला विचारा, येताना कोथिंबीर आणा म्हटलं तर दहा सबबी सांगायचा. पण ऑफिसात टाय लावून बसला की या माणसाच्या तोंडून ‘ओके सर’ याखेरीज दुसरा शब्द निघायचा नाही. असे हजारो होते दुबईत, त्यांच्याच जिवावर तर तिथली ऑफिसं चालायची. पण या एकाच्या ‘ओके सर’नं अकरा माणसांचं वाटोळं झालं, म्हणून त्याची गोष्ट सांगायची.

त्या अकरांत पहिला खैरुद्दीन. हारुनच्याच गावचा, श्रीवर्धनकडचा, वयानं पंधरा वर्षांनी मोठा. ब्याण्णव साली हारुनला कंपनीत चिकटवला तो यानंच. अजमानच्या खोलीत आपला पलंग हारुनला दिला आणि स्वतः सहा महिने चटईवर झोपला. कंपनी खाण्यापिण्याचं सामान पोचवायची, दुकानांना आणि बंदरात येणाऱ्या जहाजांना. पुढे खैरुद्दीन फुजैराच्या डेपोचा मुकादम झाला, हाताखाली दहा माणसं, सगळी आपल्याच तालुक्यातली. हारुन दुबईच्या हेड ऑफिसात टायपिंग करता करता संध्याकाळचे क्लास करून कम्प्युटरवाला झाला. खैरुद्दीनला त्याचं कोण कौतुक! ‘आमचा हारुन मशीनशी बोलतो,’ असं तो लाँचवाल्यांनासुद्धा सांगायचा.

दोन हजार एक साली मॅनेजर नीरव साहेबांनी क्यूब करायला सांगितला. क्यूब म्हणजे काही जादू नव्हे. रोजच्या हजारो खेपांच्या बेरजा आधीच करून ठेवायच्या, कुठल्या डेपोनं, कुठल्या महिन्यात, माणशी किती. म्हणजे साहेबांनी बटण दाबलं की उत्तर तयार. हारुननं तो चार महिन्यांत उभा केला, एकट्यानं. साहेब खूश, वरचे अरबाब, म्हणजे मालकलोक, खूश.

प्रश्न एवढाच होता की क्यूब रोज ताजा कसा ठेवायचा. सगळ्या बेरजा पाडून पहिल्यापासून करायच्या, त्याला म्हणायचे फुल प्रोसेस. त्याला अकरा तास लागत. साहेबांना तर आकडे सकाळी सातला हवेत. दुसरा रस्ता इन्क्रिमेंटल, म्हणजे फक्त कालच्या तारखेच्या खेपा जुन्या बेरजेत मिळवायच्या. वीस मिनिटांत काम खलास. पण त्यात एक खोट होती आणि ती हारुनला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मागच्या तारखेची एखादी खेप उशिरा लिहिली गेली, तर ती क्यूबमध्ये कधीच येत नाही. मागचे दिवस पुन्हा मिळवावेत, तर आधीच्या खेपा दोनदा मोजल्या जातात. म्हणून त्यानं ठरवलं, रोज इन्क्रिमेंटल आणि दर शुक्रवारी, ऑफिस बंद असताना, फुल. आठवड्यात जे काही राहिलं असेल ते शुक्रवारी आपोआप जागेवर येईल. व्यवस्था अगदी चोख होती, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

मग जून आला. शुक्रवारी बिल्डिंगवाले सेंट्रल एसी बंद ठेवायचे. बंद खोलीत सर्व्हर असा तापला की अर्ध्या वाटेत बसला, आणि शनिवारी सकाळी साहेबांपुढे कोरी स्क्रीन. वेगळा एसी लावून द्या म्हणायला हारुन केबिनमध्ये गेला होता, शब्दही जुळवून गेला होता.

साहेब म्हणाले, “हारुन, ये फ्रायडेवाला बंद करो. थंडी में देखेंगे.”

“ओके सर.”

झालं! एवढंच बोलून हा बाहेर आला. अहो, उन्हाळाभर फुल प्रोसेस नाही केली तर आकडे खोटे पडतील, हे एक वाक्य बोलायला काय झालं होतं? पण नाही. त्यानं मनाशी म्हटलं, उशिरा येणाऱ्या खेपा असतात किती? शंभरात दोन. थंडीत एकदा फुल केली की सगळं बरोबर होईल.

शंभरात दोन हे शारजासाठी खरं होतं, अजमानसाठी खरं होतं. फुजैराचं तसं नव्हतं. तिथली दोन तृतीयांश कामं जहाजांची. सामान लाँचनं नांगरावरच्या जहाजाला पोचायचं, कप्तानाच्या शिक्क्याची पावती परत यायला आठ-दहा दिवस जायचे, आणि पावती आल्याशिवाय खेप लिहायची नाही हा कंपनीचा नियम. लिहिताना तारीख मात्र सामान चढवलं त्या दिवसाची. म्हणजे खैरुद्दीननं भर उन्हात, हेलकावणाऱ्या लाँचमधून चढवलेली जवळजवळ प्रत्येक खेप क्यूबच्या लेखी झालीच नव्हती. नऊ वर्षं कंपनीत काढलेल्या हारुनला पावत्यांचा हा नियम पाठ होता. त्यानं तो या गोष्टीशी जोडून पाहिला नाही, बस्.

सप्टेंबरनंतर धंदा थंडावला. नोव्हेंबरात त्यानं फुलची आठवण करून दिली, तर साहेब म्हणाले, रमजान होऊ दे, ईदनंतर. ओके सर. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी सहा महिन्यांचा कागद मागितला, डेपोप्रमाणे, माणशी खेपा. हारुननं छापला. फुजैरा तळाला, शारजाच्या निम्म्यानंही नाही. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं असेल? खैरुभाई आता थकले, असं आलं. ज्या माणसाच्या पलंगावर झोपून दिवस काढले, त्याच्यापेक्षा आपण केलेल्या क्यूबवर त्याचा विश्वास जास्त बसला. कागद त्यानं नीट स्टेपल करून साहेबांना नेऊन दिला.

ईदनंतर तिसऱ्या दिवशी खैरुद्दीनचा फोन आला.

“हारुन, डेपो बंद केला रे. अकराच्या अकरा व्हिसा कॅन्सल. म्हणतात काम नाही. अरे, गेल्या महिन्यात चाळीस जहाजं केली आम्ही! काम नाही कसं?”

चाळीस जहाजं. म्हणजे चाळीस उशिरा आलेल्या पावत्या. खैरुद्दीननं फोन ठेवल्यावरसुद्धा हारुन रिसिव्हर धरून बसला होता.

शुक्रवारी पहाटेच्या नमाजनंतर तो अजमानच्या घरून निघाला, ऑफिसात पोचून सर्व्हरच्या खोलीचं दार उघडं टाकलं, घरचा टेबलफॅन मशीनच्या मागे लावला आणि फुल प्रोसेस सुरू केली. जुम्म्याची नमाजसुद्धा चुकवली, जन्मात पहिल्यांदा. संध्याकाळी आकडा आला. माणशी खेपांत फुजैरा सगळ्यांच्या वर होता, शारजाच्या सव्वापट. खुर्चीत बसून हा मोठा माणूस रडला, अगदी पोरासारखा.

शनिवारी साहेबांनी नवा कागद पाहिला, जुना पाहिला, आणि दार लावून घेतलं.

“गलती किसकी है?”

“माझी, सर. म्हणजे फ्रायडेचं आपण बंद केलं तेव्हा...”

“आपण? मी सांगितलं होतं आकडे चुकतील तरी बंद कर म्हणून? तू बोलला होतास मला?”

हारुन बोललाच नव्हता ना.

“हे बघ,” साहेब मराठी-हिंदी मिसळून हळू आवाजात म्हणाले, “कॅन्सलेशनचे पेपर गेले. डेपोची जागा सोडली. आता मी हा कागद वर नेला, तर ते अकरा परत येणार नाहीत. फक्त तू आणि मी त्यांच्यामागून जाऊ. तुझी मुलगी कितवीत आहे?”

“थर्ड, सर.”

“गुरुवारचा बॅकअप आहे ना? तो चढव. फुजैरा आता बंदच झालं, पुढे कोण विचारतंय? यल्ला, चल.”

नवा कागद साहेबांनी दोनदा फाडून टोपलीत टाकला. हारुन जागेवर आला, आणि आदल्या दिवशी अकरा तास बसून खरा केलेला क्यूब त्यानं आपल्या हातानं पुन्हा खोटा केला. बॅकअप चढायला पंचवीस मिनिटं लागली. उठून जावं, वर जाऊन सांगावं, असं त्या पंचवीस मिनिटांत त्याला किती वेळा वाटलं ते अल्लालाच ठाऊक. तो उठला नाही.

घरी सुमैय्याला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “खैरुभाईंना तरी खरं सांगा. जायच्या आधी एकदा जेवायला बोलवा.”

जानेवारीत, विमानाच्या आदल्या दिवशी, खैरुद्दीन दुपारचा जेवायला आला. दाढी पार पांढरी दिसत होती. सुमैय्यानं सोलकढी केली होती, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. हारुनची मुलगी “हॅलो अंकल” म्हणून टीव्हीसमोर जाऊन बसली. दोन घास झाले आणि खैरुद्दीननंच विषय काढला.

“हारुन, एक विचारू? साहेब म्हणाले, कम्प्युटरनं दाखवलं, फुजैराचं काम सगळ्यांत कमी. मी म्हटलं, कम्प्युटर तर आमच्या हारुनचा. तू पाहिलंस का रे स्वतः?”

सुमैय्या भाकरी वाढता वाढता थांबली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. हारुननं ताटात बघत घास चावला, गिळला.

“पाहिलं, खैरुभाई.”

“कमीच होतं?”

“कमीच दिसत होतं.”

खैरुद्दीननं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग मान हलवत म्हणाला, “मग झालं असेल कमी. मला आपलं वाटत राहिलं, आम्ही मरमर मरतोय. वय झालं, समजत नाही माणसाला.” त्यानं डावा हात हारुनच्या गुडघ्यावर ठेवला. “तुला ऑफिसात मान खाली घालावी लागली असेल रे, तुझ्याच गावचे म्हणून. माफ कर मला.”

“नाही, नाही,” हारुन म्हणाला. “तुम्ही जेवा.”