शेजारणीचं दुखणं

साऱ्या नांदेड जिल्ह्यात माझ्या उमरीच्या आत्याइतकं ठणठणीत माणूस दुसरं सापडणार नाही, निदान दवाखान्याच्या कागदांवर तरी. शुगर जडून तिला बरीच वर्षं झाली. दर महिन्याला ती रेल्वेने नांदेडला येते, मी दवाखान्यात सोबत जातो, आणि डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "लई गुण आला, साहेब!" मग चार दिवस डोळ्याला डोळा का लागलेला नसेना. बिचाऱ्याने एवढं शिकून गोळी दिली, तिला नावं कशी ठेवायची? दवाखान्यात जायचं तेही ठेवणीतलं लुगडं नेसून, तोंडाला पावडर लावून, सोयऱ्यांकडे निघाल्यासारखं. एकदा औषधानं अंगावर पुरळ उठलं, तर पदर कानापर्यंत ओढून "गोळी झकास हाय" सांगून मोकळी झाली. डॉक्टरांनी खूश होऊन तीच गोळी आणखी महिनाभर लिहून दिली. मी चिडलो, तर म्हणे, "जाऊ दे रे. त्यांचं तोंड उतरलं असतं."

गेल्या वर्षी तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, आत्याचं हसू पाहिलं, आणि दोन्हींचा मेळ बसेना तेव्हा शांतपणे विचारलं, "मावशी, तुमचं तर छानच आहे. शेजारी कुणाला शुगरचा त्रास आहे का?"

झालं! आत्या खुर्ची पुढे ओढून बसली. "शेजारीण हाय की! तिच्या तळपायाला मुंग्या येऊन राहिल्यात. गोळीनं गरगरतंय, म्हणून एक दिवसाआड खाती." बाई लिहून घेऊ लागल्या. त्या शेजारणीला मी ओळखतो. तिला कुठली शुगर! ती दिवसभर खुरपते आणि भाकरीबरोबर गुळाचा खडा खाते. तेव्हापासून दर महिन्याला आत्याच्या तोंडून शेजारणीची तपासणी होऊ लागली, आणि आत्याची शुगर उतरू लागली.

परवा आत्या म्हणाली, "शेजारणीच्या अंगठ्याला जखम झालीया. दुखत न्हाई, पर काळी पडून राहिली."

बाईंचं पेन थांबलं. "त्यांना आजच आणा. उशीर झाला तर अंगठा काढावा लागेल."

आत्या पदराच्या टोकाशी चाळा करू लागली. मग हळूच म्हणाली, "काढला तर तिला चालता यील का, बाई?"

"आज दाखवला तर बहुतेक काढावा लागणार नाही."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चप्पल काढून पाय पुढे केला. बाई खाली फरशीवर बसल्या आणि तो पाय त्यांनी मांडीवर घेतला.

अंगठा वाचला. मला मात्र माझीच लाज वाटते. त्या महिन्यात मी आत्याला तीनदा फोन केला होता, आणि तिन्ही वेळा "बरं आहे ना?" एवढंच विचारून ठेवून दिला होता.