नावातला पाच

जपानमधल्या कानाझावा शहरातल्या एका छोट्या कंपनीत शिमोमुरा चिएको प्रोग्राम लिहायची. औषधांच्या पिशव्यांवरची चिठ्ठी तिच्या प्रोग्रामने छापली जायची. स्वभावाने भित्री. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत फिरणारी.

रुग्णालयांची जुनी यंत्रं अरुंद अक्षरं छापत. एक अक्षर, एक घर. नवी यंत्रं रुंद अक्षरं छापत. तिथे एका अक्षराला दोन घरं लागत. चिएकोने दोन्हींसाठी एकच कोड लिहिला. जुन्या यंत्रावर तिने तो कसून तपासला, नव्यावर छोट्या नावांवर भागवलं.

नवं यंत्र सुरू झालं त्या सकाळी रुग्णालयात औषधं देणाऱ्या कितानो-सानने एका चिठ्ठीची प्रत फॅक्स केली. छपाई कशी आली, एवढंच दाखवायला.

"सुरेख!" साहेब मुरोई म्हणाले. "शिमोमुरा-सान, आज तरी हसा. कुणी मेल्यासारखं तोंड कशाला?"

चिएको वाचत होती. औषधाचं लांबलचक नाव, शेवटी त्याची ताकद: ५. खाली लिहिलं होतं, एका वेळी पाच गोळ्या.

तिला चूक कळली. नावाला किती अक्षरांची जागा आहे हे यंत्राला सांगताना तिने अक्षरांऐवजी घरं मोजली होती. अरुंद अक्षरांत फरक पडत नव्हता. रुंद अक्षरांत यंत्राला जागा दुप्पट वाटली. नाव पलीकडे सांडलं आणि त्यातला पाच गोळ्यांच्या रकान्यात जाऊन बसला. गोळी रक्तदाबाची. एकच घ्यायची.

तिने फोन लावला. "यंत्र बंद करा! ती पिशवी कुठंय?"

"ओगाता आजोबांनी नेली," कितानो-सान म्हणाली. "का हो? जेवण झालं की घेतील. फोन नका करू, त्यांना ऐकू येत नाही."

"बाकीच्या पिशव्या मी बघतो," मुरोई म्हणाले. "तुम्ही पळा."

पत्ता घेऊन ती टॅक्सीने निघाली. आजोबांच्या दारात तिने हाका मारल्या. आत टीव्ही गर्जत होता. तिने दार सरकवलं आणि बुटांसकट तातामीच्या चटयांवर चढली. नूडल्सचा वाडगा रिकामा होता. आजोबांच्या एका हातात पाणी, दुसरा हात तोंडाकडे.

तिने मनगट धरलं. गोळ्या उडाल्या.

"बूट घालून घरात! लाज नाही वाटत, पोरी?"

ती गुडघ्यांवर बसून गोळ्या शोधू लागली. चार सापडल्या. पाचवी कुठेच नव्हती. तिने एक बोट वर करून विचारलं.

"ती गेली पोटात," आजोबा म्हणाले. "मी एकेक गिळतो. घशात अडकतात."

एकच, घ्यायची तेवढीच. चिएको तिथेच कपाळ टेकून रडू लागली.