थळच्या ओटीवरचं माप

पहाटे साताऱ्याहून निघून, पुण्याला गाडी बदलून, दुपारी आम्ही अलिबागच्या स्टँडवर उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि सुनंदा. एकाच शाळेत शिकवतो, दोघीही पन्नाशीच्या. तीन दिवसांसाठी माझ्या पिशवीत दोन ड्रेस होते. बरे म्हणावेत असे तेवढेच उरले होते.

माझ्या पाठीचा कणा लहानपणापासून वाकडा आहे. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं वर. तयार कपडा घातला की गळा एका बाजूला सरकतो, खालची कड तिरकी होते. पंचवीस वर्षं मी एकाच शिंप्याकडून कपडे शिवून घेतले. त्यांना काही सांगावं लागत नसे. गेल्या वर्षी डोळ्यांमुळे त्यांनी काम बंद केलं आणि तेव्हापासून मी नवं काही घेतलंच नव्हतं. जूनपासून मला मुख्याध्यापिका म्हणून रोज सकाळी सगळ्या शाळेसमोर उभं राहायचं होतं. त्याची चिंता मी सुनंदालाही बोलून दाखवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओहोटी साधून टांग्याने कुलाबा किल्ल्यावर गेलो. आत गोड्या पाण्याचं तळं आहे, भोवती समुद्र. परतताना उतरायला गेले आणि कुर्ता टांग्याच्या लोखंडी पट्टीत अडकून कमरेपासून खालपर्यंत फाटला. सुनंदाने पिनांनी जोडला आणि म्हणाली, आता नवा घ्यावाच लागेल.

बाजाराच्या मागच्या गल्लीत काचेच्या दाराचं एक बुटीक होतं. दारात दोनच पुतळे, कशावरही किंमत नाही. मालकीणबाईंनी हसून आत घेतलं आणि मी हात लावीन तो कपडा त्या लगेच काढून दाखवू लागल्या. किंमत विचारली तर परवडत नाही असं वाटेल, नाही विचारली तर फसेन, या विचारात मी मिळेल तो निळा कुर्ता घेऊन पडद्यामागे गेले. बाहेर आले तेव्हा आरशात गळा नेहमीसारखा सरकलेला होता. त्यांनी एक क्षण पाहिलं, मोठी ओढणी आणली आणि माझ्या खांद्यांवरून पसरली.

"ही घेतली की काहीच कळणार नाही," त्या हळूच म्हणाल्या.

चांगल्या मनानेच म्हणाल्या. तरी माझे कान तापले. तिथून लवकर बाहेर पडता यावं म्हणून मी कुर्ता आणि ओढणी दोन्ही विकत घेतलं. खोलीवर येऊन ती पिशवी सुनंदाच्या हातात दिली आणि तूच वापर म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला घावन (तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं) वाढताना लॉजच्या काकूंनी सांगितलं की जवळच्या थळ गावात वैशाली नावाची एक जण घराच्या ओटीवरच (घरापुढच्या बसायच्या जागेत) बुटीक चालवते. मला जायचं नव्हतं. सुनंदाला थळचा किनारा बघायचा होता, म्हणून रिक्षात बसले.

थळला उतरल्यावर आधी सुक्या मासळीचा वास आला. बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. वैशालीचं घर त्यांच्या मागेच. ओटीवर एक मशीन, दोन दांड्यांवर ठशांच्या छपाईचे सुती कुर्ते आणि प्रत्येकाला शिवलेली किमतीची चिठ्ठी. गिऱ्हाइकांच्या मापाचे शिवून झालेले कपडे तिने आतल्या खोलीत दार लावून ठेवले होते. विचारलं तर म्हणाली, वास लागला तर गिऱ्हाईक परत येत न्हाय.

ती मशीनवरून उठली नाही. बघा म्हणाली आणि शिवत राहिली. अर्धा तास मी एकटीच कपडे चाळत होते. एक तांबूस कुर्ता आवडला, घालून बाहेर आले. तेव्हा तिने मान वर केली, उठून माझ्याभोवती एक फेरी मारली.

"ताई, उजवा खांदा वर हाय तुमचा. लपवायचा हाय, का कपडा नीट बसवायचा हाय?"

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. माझ्या जुन्या शिंप्यांनीही नाही, तेही पॅड घालून लपवतच होते.

"नीट बसवा," मी म्हणाले.

तिने तोंडात टाचण्या धरून दोन्ही खांद्यांची शिवण वेगवेगळी लावली. तिचा बाप चाळीस वर्षं जाळ्याचा दोर ओढत होता, त्याचा एक खांदा कायमचा झुकलेला; पहिला सदरा तिने त्याच्यासाठीच शिवला होता. इथं सारख्या खांद्याचं माणूस शोधावं लागतं, असं ती टाचण्यांमधूनच म्हणाली. चारपर्यंत थांबा म्हणाली आणि तिच्या सासूबाईंनी आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. सुनंदाने दोनदा मागून घेतली.

चार वाजता कुर्ता घातला. खांदा वरच होता. गळा मध्यावर होता आणि कड सरळ. मी आरशासमोर बराच वेळ उभी राहिले, आणि वैशालीने आणि सुनंदाने मला उभं राहू दिलं. निघताना आणखी एक कुर्ता बेतून साताऱ्याला पाठवायला सांगितला.

साताऱ्याला परतल्यावर पंधरा दिवसांनी पोवई नाक्याजवळच्या एका नव्या बुटीकमध्ये मी एकटी गेले. दारातच सांगून टाकलं की माझा उजवा खांदा वर आहे, त्याप्रमाणे शिवण बदलून देत असाल तरच दाखवा. तिथली बाई देते म्हणाली. तीन कुर्ते घालून पाहिले, किमती विचारल्या. एकही मनात भरला नाही. तसं सांगितलं आणि चपला घालून सावकाश बाहेर पडले.