पेत्राचं वाचन आणि काकूंची कोथिंबीर

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आज झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. आमच्या चर्चमध्ये या दिवशी येशूच्या दुःखसहनाचं शुभवर्तमान त्यातली पात्रं वाटून घेऊन वाचतात. यंदा माझ्या वाट्याला पेत्र आला, येशूला पकडल्यावर भीतीपोटी त्याची ओळख नाकारणारा त्याचा शिष्य. "मी त्या माणसाला ओळखत नाही," हे मी माइकवर इतकं ठासून म्हटलं की फादरांनी नंतर कौतुक केलं.

तिथून नंदनवन वस्तीतल्या नव्या भाड्याच्या घरी आले. शेजारच्या काकू दारात कोथिंबीर निवडत होत्या.

"सकाळी सकाळी कुठं गेली होती वं? अन् हे काय आणलं?"

माझ्या हातात चर्चमधली झावळी होती. ती आम्ही वर्षभर दारावरच्या क्रुसामागे खोचून ठेवतो.

"काही नाही काकू, मैत्रिणीकडे गेले होते. हे असंच, शोभेला."

तोंडातून कसं निघालं, कळलंच नाही. काकू तर हसून म्हणाल्या, "संध्याकाळी वड्या आणून देतो तुले."

पेत्राला निदान जिवाची भीती होती. माझ्यासमोर कोथिंबीर होती! मग मी काहून घाबरले? घरमालकाला? की काकूंची नजर बदलेल म्हणून?

खरं सांगू? या घराच्या दारावर अजून क्रूसही नाही. खिळा आणायचा राहिला, असं मी नवऱ्याला सांगत असते.

आत्ता बेल वाजली. वड्यांचा वास आत येतो आहे. झावळी दारासमोर टेबलावर पडली आहे.

लवकर सांगा, तुम्ही आधी काय केलं असतं? दार उघडलं असतं, की झावळी उचलली असती?